बिडीवर मोर्चा निघत नाही

आमच्या आशाताईंच्या पिशवीत एक फॉर्म असतो. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे, पण तालुक्यात सगळे त्याला 'सीबॅक' म्हणतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईचा आणि बाप्याचा तो भरायचा. वय किती, कमरेचा घेर किती, घरात कुणाला साखर किंवा बीपी आहे का, असं विचारत विचारत दोन प्रश्न येतात. बिडी-सिगारेट ओढता का, तंबाखू-गुटखा खाता का? आणि, दारू रोज घेता का? प्रत्येक उत्तराला गुण आहेत. तंबाखू रोज असेल तर दोन, अधूनमधून असेल तर एक. दारू रोज असेल तर एक. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. एका फॉर्ममागे आशाला दहा रुपये मिळतात.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात गटप्रवर्तक आहे, म्हणजे वीसेक आशांच्या कामावर माझी देखरेख असते. फॉर्मांचे गठ्ठे माझ्या हाताखालून जातात आणि दारूच्या रकान्यात ओळीने 'नाही', 'नाही', 'नाही' लागलेलं असतं. आमच्या गावांतून एकदा संध्याकाळी फिरलेल्या माणसाला ते वाचून हसू येईल. पण आशाने खोटं लिहिलेलं नसतं आणि समोरचा माणूसही खोटं बोललेला नसतो. प्रश्नच 'रोज' असा आहे. आमच्याकडचा मजूर रोज पीत नाही. तो बाजाराच्या दिवशी पितो, मजुरी हातात पडली की पितो, लग्नात पितो, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून होळी विझेपर्यंत पितो. ऊसतोडीचा हिशोब घेऊन गुजरातेतून परतला की पितो. आणि पितो तेव्हा बाटलीत काही शिल्लक ठेवत नाही.

"ताई, रोज कुठे? आठवड्यातून एकदा, तीपण एकच क्वार्टर," असं सांगणारा माणूस स्वतःला दारुड्या समजत नाही आणि गावही समजत नाही. आता त्या एका क्वार्टरचा हिशोब करू. १८० मिलिलिटरची बाटली. विदेशी म्हणून जी विकतात तिच्यात ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे सुमारे ७७ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल, वजनात ६० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतल्या अति पिण्याची रेघ नेमकी इथेच ओढते: एका वेळी ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त, महिन्यातून एकदा जरी झालं तरी. माणसाचं लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटे पाचला मोटारसायकलला किक मारतानाही रक्तात थोडीफार असू शकते. आमच्या फॉर्ममध्ये मात्र त्या माणसाला शून्य गुण.

मोहाच्या दारूवर तर लेबलच नसतं. मडक्यावर मडकं, मधे नळी, वरून गार पाणी ओतत राहायचं, आणि जी पहिली धार पडते ती सगळ्यात कडक. नंतरची पातळ होत जाते. घराघरात कडकपणा वेगळा. शहरातून आलेले पाहुणे मोहाची दारू 'नैसर्गिक' म्हणून कौतुकाने घेतात. त्यांना मी एवढंच सांगते की अल्कोहोल फुलातून आलं की मळीतून, लिव्हरला त्याचा गाव विचारता येत नाही. झटपट आंबावं म्हणून आज बऱ्याच ठिकाणी नवसागर आणि काळा गूळ टाकतात, तो भाग वेगळाच. आणि मिथेनॉल मिसळलेली दारू कुणी विकली तर काय होतं, ते मुंबईच्या मालवणीने जून २०१५ मध्ये दाखवलं. शंभराहून जास्त माणसं गेली. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी डोळ्यांवर घाव घालतं. 'काल प्यायलो आणि आज धूर धूर दिसतंय' असं कुणी म्हटलं तर त्याला झोपू द्यायचं नसतं. लगेच गाडी काढून दवाखान्यात न्यायचं असतं.

तरी मोहाची बदनामी मला आवडत नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो, तो बाया-पोरं वेचतात, अंगणात वाळवतात. फुलं भाजून खातात, बियांचं तेल काढतात, उरलेलं व्यापाऱ्याला विकतात. दारू हा त्याचा एक उपयोग. देवाला, पितरांना दारूची धार जमिनीवर सोडल्याशिवाय आमच्याकडे पुष्कळ कार्यं पुरी होत नाहीत. ती धार काही थेंबांची असते. कार्याला गाळलेली दारू कार्यातच संपायची. बिनकार्याची, बिनहंगामाची, रोज दुकानात मिळणारी दारू ही पुढची गोष्ट आहे, आणि तिचा इतिहास कायद्याच्या पुस्तकात सापडतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणं गुन्हा ठरवलं आणि ठेकेदाराच्या दुकानातून विकत घेणं कायदेशीर केलं. सरकारला महसूल हवा होता. घरच्या मडक्यावर कर बसत नव्हता, दुकानावर बसत होता. आदिवासी कर्जात गेला तो बराचसा या दुकानांच्या वाटेने.

म्हणूनच, आदिवासींना दारू सोडायला बाहेरच्या सुधारकांनी शिकवलं असं कुणी म्हटलं की मी हटकते. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवीची लाट निघाली. देवी अंगात यायची आणि सांगायची, दारू-ताडी सोडा, अंघोळ करा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. ती लाट डांगातून दक्षिण गुजरातच्या आदिवासी मुलखात पसरली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. पुढे १९३८ च्या सुमारास आमच्याच तळोदा तालुक्यात, मोरवडच्या गुलाम महाराजांनी सोमवारची आरती सुरू केली. एकमेकांना 'आप' म्हणायचं, दारू सोडायची, स्वच्छ राहायचं. ज्या माणसांना आयुष्यभर 'अरे-तुरे' आणि शिव्याच ऐकायची सवय होती त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणणं ही किती मोठी उडी होती ते आज सांगून कळणार नाही. हजारोंनी माणसं जमू लागली, दारू विकणाऱ्यांचा धंदा बसला, सरकारला त्या गर्दीची धास्ती वाटली. गुलाम महाराज १९३८ मध्येच वारले आणि त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी आरती पुढे चालवली.

तिसरी वेळ माझ्या आईची.

१९७१ नंतर शहादा-तळोद्याचा भिल्ल मजूर पेटला होता. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना सगळे अंबरसिंग महाराज म्हणत, ते भजनं म्हणत गावोगाव फिरत होते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. पुण्या-मुंबईचे शिकलेले तरुणही येऊन राहिले. मागण्या होत्या गेलेल्या जमिनीच्या, सालदारांच्या मजुरीच्या, दुष्काळी कामाच्या. दारू त्या यादीत नव्हती. ती बायकांनी घातली. शिबिरात बोलायला उभ्या राहिलेल्या बाया मजुरीवरून सुरू करायच्या आणि येऊन थांबायच्या एकाच ठिकाणी: मजुरी वाढली तर ती प्यायला जाणार, आणि पिऊन आला की मार आम्हांला. मग त्या उठल्या. झुंडीने गुत्त्यावर जायचं, मडकी फोडायची, पुन्हा गाळणार नाही असं कबूल करून घ्यायचं. बायकोला मारणाऱ्याला भर गावात उभा करून तिची माफी मागायला लावायचं. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९७६ मध्ये या चळवळीवर लिहिलं, गेल ऑम्वेट यांनीही लिहिलं, आणि स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याचं नाव लागलं. माझ्या आईने यातलं काही वाचलेलं नाही. तिला वाचता येत नाही. पण कुठल्या गावात किती मडकी होती आणि कोण पुरुष मागच्या दाराने पळाला, हे ती आजही सांगते.

हे सांगताना तिच्या गालात तंबाखू असते.

इथेच माझा मुद्दा आहे. या मुलखाने शंभर वर्षांत दारूविरुद्ध पुन्हा पुन्हा कंबर कसली. बिडी-तंबाखूविरुद्ध एकदाही नाही. मडकी फोडायला निघालेल्या बायांच्या कमरेला चुना-तंबाखूची थैली होती, पुढे चालणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कानावर बिडी होती. बैठकीला बसलं की पहिल्यांदा बिडीचं बंडल फिरायचं, मग बोलणं. मी आईला एकदा विचारलं, तुम्ही तेव्हा तंबाखूचं काही का नाही बोललात? ती म्हणाली, "दारूने तुझ्या बापाचा हात उठायचा. तंबाखूने कुणाचा उठतो?"

तिचं बोलणं चूक नाही. दारूचं नुकसान त्याच रात्री दिसतं, आणि पिणाऱ्यापेक्षा न पिणाऱ्यांनाच जास्त दिसतं. तंबाखूचं नुकसान वीस-तीस वर्षांनी येतं, ते दुसऱ्याच नावाने येतं, आणि तोवर खाणारा कुणाला काही त्रास देत नाही. उलट तंबाखू भूक मारते, झोप उडवते, दुपारच्या उन्हात ऊस तोडताना हात चालता ठेवते. मुकादमाचीही हरकत नसते.

आकडे बघितले तर गंमत आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे निघाले फक्त ३.८ टक्के. देशाचा आकडा १०.७. आपण शाबासकी घ्यावी असाच हा आकडा. पण त्याच सर्वेक्षणात तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे निघाले २४.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक, पुरुषांत ३१.७ आणि बायकांत १६.६. महाराष्ट्र धूर सोडत नाही, थुंकतो. 'धूम्रपान निषेध'च्या पाट्या लावून आपण कुणाला सांगतोय, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

सातपुड्यातल्या पाड्यांवर मात्र बिडी आहेच. टिमरूचं पान, म्हणजे तेंदूचं, आमच्याच जंगलातलं. ते तोडून मजुरी मिळवणाराही आमचाच माणूस. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे ती 'हलकी' असा समज आहे. पण पान जाड, हवा सहज आत घेत नाही. बिडी विझू नये म्हणून भराभर आणि खोल झुरके मारावे लागतात. परिणाम असा की निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकंच, कधी जास्तच, छातीत जातं. त्यात आमच्या झोपड्यांना खिडकी नाही, चूल आत, आणि हिवाळ्यात सगळं घर चुलीभोवती. चुलीपाशी बसून आजोबा बिडी ओढतात ती मांडीवरचं नातवंडही ओढतं.

तंबाखूचं नुकसान दुसऱ्या नावाने येतं म्हणाले, ती नावं सांगते. एक, क्षय. बिडी ओढणाऱ्याला क्षय होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे दुप्पट. दिवसाला ४० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेणाऱ्याला सुमारे तिप्पट. आमच्याकडे उपासमार आहे, कोंदट घरं आहेत, दोन्ही सवयी एकाच माणसाला आहेत. क्षयाच्या गोळ्या लिव्हरला जड असतात, म्हणून आम्ही बजावतो की गोळी चालू असताना दारू नको. माणूस ते ऐकतो, पण उलटं ऐकतो. बाजाराच्या दिवशी तो गोळी घेत नाही! दारूबरोबर घेऊ नको असं ताईनेच सांगितलंय ना. अशा चुकवलेल्या गोळ्यांतूनच औषधांना न जुमानणारा क्षय तयार होतो. आता आम्ही सांगतो, दारू प्यायलास तरी मला येऊन सांग, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नको.

दुसरं नाव सिकलसेल. आमच्या भिल्ल-पावरा घरांत हा आजार रक्तातच आहे. दारूने अंगातलं पाणी कमी होतं, रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात आणि सांधे फोडून काढणाऱ्या कळा सुरू होतात. धूर छातीत गेला तर छातीचाच झटका येऊ शकतो. लग्नाच्या हंगामात सिकलसेलची तरुण पोरं दवाखान्यात दाखल होतात, त्यामागे नाचाचे घामाघूम तास आणि त्यावर ओतलेली दारू असते.

तिसरं नाव कुपोषण. नंदुरबार म्हटलं की पेपरवाल्यांना हा एकच शब्द आठवतो. मुंबईत गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला होता, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू-मिश्री वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. अडीच किलोच्या रेघेवर हेलकावणाऱ्या आमच्या बाळांना १०५ ग्रॅम म्हणजे इकडची तिकडे होण्याइतकं वजन आहे. अंगणवाडीत वजनकाटा आहे, पोषण आहार आहे, तक्ते आहेत. आईच्या दातांवरच्या मिश्रीचा रकाना मी तरी कुठल्या तक्त्यात पाहिलेला नाही.

चौथं नाव तोंडाचा कॅन्सर, आणि ते मी घरात पाहता पाहता राहिले. तोंडाची साधी तपासणी कुणालाही करता येते. माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, चूळ भरायला लावायची. मग त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगायची. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर गालाचे पापुद्रे आखडलेत, सुपारी-गुटख्याचा हा ठसा. नंतर बॅटरीच्या उजेडात गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखाली बघायचं. पांढरा चट्टा पुसून जात नसेल, लाल मखमली डाग असेल, पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल तर पुढे पाठवायचं. हे प्रशिक्षण घेऊन आले त्या आठवड्यात आईवरच सराव केला. ती हसत होती. डाव्या गालात, ती तंबाखू धरते नेमक्या त्या जागी, नखाएवढा पांढरा चट्टा होता. खरखरीत, पुसला तरी तसाच. धुळ्याला नेलं, तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता. डॉक्टर म्हणाले, आजी, तंबाखू सोडा, चट्टा कदाचित आपोआप जाईल. आईने कमी केली. सोडली नाही. आता ती उजव्या गालात धरते.

ज्याच्या तोंडात तंबाखू आणि दारू दोन्ही जातात त्याचा धोका दोन्हींची बेरीज करून येत नाही, गुणाकार करावा लागतो. अल्कोहोल तोंडाची नाजूक त्वचा सैल करतं आणि तंबाखूतलं विष आत झिरपायला वाट करून देतं. आणि आमच्याकडे दारूचा घोट बिडीशिवाय पोटात उतरतच नाही.

सोडायचं कसं, हे मात्र दोघांचं अगदी वेगळं आहे, आणि ते नीट सांगायला हवं, कारण चुकीच्या सल्ल्याने जीव जाऊ शकतो.

बिडी-तंबाखू एका झटक्यात सोडली तरी जिवाला धोका नाही. पहिले तीन दिवस फार वाईट, चिडचिड, डोकं दुखणं, हात सारखा खिशाकडे. दोन-चार आठवड्यांत ते ओसरतं. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ पाणी पी, तोंडात बडीशेप टाक, बिडीवाल्या टोळक्यातून उठून जा. एका दिवसात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. डोंगरात रेंज नसते हे मला माहीत आहे. बाजाराला आलात की करा.

पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर सहा तासांपासून हातपाय कापायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फेफरं येऊ शकतं, दुसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलतात. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, भगताकडे नेतात. हे बाहेरचं नसतं, दारूची सवय झालेल्या मेंदूचं बंड असतं, आणि त्यात माणूस दगावतो. म्हणून देवापुढे शपथ घेऊन, माळ घालून दारू सोडणाऱ्याचा मला आदर आहे, पण जो सकाळी उठल्या उठल्या पितो त्याने शपथेच्या आधी दवाखाना गाठावा. तिथे बी-१ जीवनसत्त्वाची सुई आणि काही दिवसांच्या गोळ्या देऊन हा टप्पा सुखरूप पार पडतो. मनाच्या आजारांसाठी १४४१६ आणि नशामुक्तीसाठी १४४४६ हे सरकारी नंबर आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, आणि व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा डाग नाही, हे मराठी माणसाला अनिल आणि सुनंदा अवचटांनी पहिल्यांदा पटेल असं सांगितलं. पण सातपुड्यातून पुणं फार लांब पडतं.

आणि एकेका माणसाला असं वर काढत बसायचं, तर मागून नवीन किती पडतात? म्हणून मला पुन्हा गावाकडेच यावं लागतं. कायदा गावाच्या हातात बरंच काही देतो. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदाच लागू आहे. प्यायला परवाना लागतो, हे वाचून कुणाला ठसका लागला असेल तर हरकत नाही. परवान्याचं दुकान बंद करायला 'आडवी बाटली'चं मतदान आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. मेख अशी की निम्म्याहून जास्त म्हणजे आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या निम्म्या बाया बारडोली-सुरतेकडच्या उसाच्या फडात असतात. फडात असलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. मतदान लावायचं तर पावसाळ्यात लावा, हा माझा फुकटचा सल्ला.

शिवाय हे मतदान परवान्याच्या दुकानापुरतं. मोटारसायकलवरून पाड्यात पोचणाऱ्या बाटल्यांना आडवं-उभं काही नसतं. आमचा जिल्हा सीमेवरचा. नवापूर स्टेशनच्या फलाटावरचं एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, लोक त्यावर बसून फोटो काढतात. बाकाच्या एका टोकाला परवान्याने दारू मिळते, दुसऱ्या टोकाला राज्य झाल्यापासून, १९६० पासून, दारूबंदी. असं बाकडं जिथे आहे तिथे चोरटा धंदा फुलणारच.

पेसा कायदा १९९६ चा. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला त्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन रोखण्याचा, आवरण्याचा अधिकार दिलाय. गडचिरोलीने १९९३ मध्ये लोकांच्या रेट्यावर जिल्हाबंदी मिळवली, आणि पुढे डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने तिथे 'मुक्तिपथ' सुरू झालं. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: त्यांनी दारू आणि तंबाखू एकाच गाठोड्यात बांधली. गावाची बैठक बसली की दोन्हींवर बोलणं होतं. आमच्याकडे अजून ते झालेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका गावच्या ग्रामसभेला मी बसले होते. बायांनी दारूचा ठराव आणला, हात वर झाले, गाळणाऱ्याला दंड ठरला, दंड कुणी वसूल करायचा यावर तासभर भांडण झालं आणि तेही मिटलं. मग मी उठून म्हटलं, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, तेवढं एक वाक्य ठरावात घाला. बाया एकमेकींकडे बघून हसल्या. पुढे बसलेल्या एका म्हातारबाने विझलेली बिडी कानावरून काढून खिशात ठेवली. दारूच्या ठरावात सगळ्यात मोठा आवाज जिचा होता ती बाई गप्प झाली होती, कारण शाळेसमोरची टपरी तिच्याच पोराची.

ग्रामसेवकांनी यार्ड म्हणजे किती ते विचारलं. मी सांगितलं, शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन पोरं दोरी घेऊन मोजायला गेली. शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंत दोरी पुरून वर उरली. मग ती बाई म्हणाली, "टपरी हलवू ताई, पण दोरी फाटकापासून नको धरू, आतल्या वर्गाच्या दारापासून धर." त्यावर पुन्हा वाद सुरू झाला. मास्तर म्हणाले फाटकापासून, दोघंतिघं म्हणाले दारापासून. शेवटी ठरावात फाटकापासून असंच लिहिलं गेलं आणि टपरी हलवायला तिच्या पोराला दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली. उसाच्या टोळ्या जायच्या आत मी तिथे जाऊन पाहणार आहे.